एका संध्याकाळचा रिसेप्शनिस्ट

माझ्या मुलीची नोकरी मी फक्त एक संध्याकाळ केली आणि तेवढ्यात ती जवळजवळ घालवली.

ऋचा दिवसा जुईनगरला कॉलेजात असते आणि संध्याकाळी आमच्या कामोठ्यातच, दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. एरवी लेक्चर संपलं की ती धावतपळत दवाखाना गाठते. पण त्या दिवशी कॉलेजने दुपारची चाचणी परीक्षा ऐनवेळी संध्याकाळवर ढकलली. परीक्षा बुडवली तर नापास. दवाखाना बुडवला तर डॉक्टर मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं, "आता एक जरी दांडी मारलीस तर मी दुसरी मुलगी बघणार."

"मी बसतो की तुझ्या जागी," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात हिने, म्हणजे ऋचाच्या आईने, गॅस बंद केला.

"बाबा, तू?" ऋचा म्हणाली.

"त्यात काय आहे? तुझ्या आत्याच्या लग्नात अख्खं वऱ्हाड मी सांभाळलं."

"आणि नवरदेवाचे वडील उपाशी राहिले," ही म्हणाली. (विषय तो नव्हता.)

मॅडमनीही फोनवर नाइलाजाने होकार दिला. ऋचा निघताना म्हणाली, "आलेल्याचं नाव विचार, बसव, आणि बेल वाजली की पुढच्याला आत सोड. बाकी काही करू नकोस."

बाकी काही न करणं मला जन्मात जमलेलं नाही.

मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच आतून एक काका बाहेर आले आणि गाल धरून कोपऱ्यात बसले. दारी आलेला माणूस असा खिन्न! मी खालच्या टपरीवरून चहा मागवला.

"घ्या काका."

"ऊं ऊं," त्यांनी मान हलवली.

आता आपल्याकडे पहिल्या फेरीत चहाला कुणी हो म्हणतं का? मी कप त्यांच्या हातात कोंबला. "संकोच करू नका. अर्धा तरी घ्या."

बिचाऱ्यांनी घेतला. उजवीकडून आत गेलेला चहा डावीकडून बाहेर आला आणि शर्टावर उतरला. (मॅडमनी त्यांचा जबडा बधिर करून दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. काका ते मला सांगतच होते, पण त्या जबड्याने कसं सांगणार?)

मी त्यांचा शर्ट पुसत असताना बेल वाजली. बाकावर एक शाळकरी मुलगी आणि तिच्या शेजारी नऊवारीतल्या आजी. नंबर मुलीचा होता. पण एवढ्या वयाच्या बाईंना ताटकळत ठेवून पोरीला आत सोडायचं?

"आजी, आधी तुम्ही."

"मी?"

"तुम्हीच. उठा."

मी हाताला धरून त्यांना आत सोडून आलो. थोड्या वेळाने आतून आवाज आले.

"आजी, मोठा आ करा. कुठला दात दुखतो?"

"बाय, माजे तोंडान दातच नाय. तू कोनता बघतेस?"

"मग आत कशाला आलात?"

"त्या बाबान हात धरून आनला."

इकडे मुलीला वाटलं, दात नसलेल्या आजीलाही इथे सोडत नाहीत आणि आता आपली पाळी. ती जिन्याकडे पळाली. तिच्यामागे मी. माझ्यामागे नातीला हाका मारत आजी. आजींच्या मागे हातात हातमोजे घातलेल्या मॅडम. रिसेप्शनवर उरले फक्त काका, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. काकांनी तो उचलला आणि ते त्या जबड्याने पलीकडच्याशी बोलले. त्या पेशंटने आपली अपॉइंटमेंट रद्द केली.

घरी आलो तेव्हा ऋचाचं मॅडमशी फोनवर बोलणं चालू होतं. मी चपलाही न काढता दारातच उभा राहिलो. पोरीची नोकरी गेली, हे तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

तिने फोन ठेवला. "पेपर बरा गेला," ती म्हणाली.

"आणि नोकरी?"

"आहे. यापुढे परीक्षेच्या दिवशी सुट्टी देणार म्हणाल्या."

"बघ! माझ्यामुळे."

"तुझ्यामुळेच," ती म्हणाली.

तेव्हापासून ऋचाची एकही परीक्षा बुडालेली नाही. सुट्टी हवी असली की ती मॅडमना फोन करून एवढंच विचारते, "मग आज बाबांना पाठवू का?"