अंबाडीचा पंचनामा

"वकीलबाई, पोलीस रानात आलेत. आमच्या अंबाडीला गांजा म्हणतेत."

धारूरहून सत्यभामाबाईंचा फोन. बायकांच्या एका शेती सहकारी संस्थेच्या त्या चेअरमन, मी त्यांची बीड कोर्टातली वकील. कशावरही सही करू नका, असं सांगून मी स्टँड गाठलं. एसटीत बसल्यावर स्वतःचाच राग येत होता. कारण त्या रानाचा गट नंबर सरकारला मीच कळवला होता.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. कापूस जळाला होता. सत्यभामाबाईंनी कुठल्याशा मेळाव्यात इंडस्ट्रियल हेम्पबद्दल ऐकलं. हे गांजाच्याच जातीचं झाड, पण नशा जवळजवळ नसलेलं. वाखासाठी, म्हणजे सालीच्या धाग्यासाठी लावतात. अमली पदार्थांच्या कायद्यानं, म्हणजे एनडीपीएसनं, गांजाची लागवड गुन्हा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम चौदात लिहिलंय की वाखासाठी किंवा बियांसाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. ते वाचून मला हुरूप आला. मी रीतसर अर्ज केला.

कृषी कार्यालय म्हणालं, हे पीक आमच्या यादीत नाही, एक्साइजकडे जा. एक्साइजनं कलेक्टर ऑफिस दाखवलं. तिथल्या क्लार्कनं शांतपणे सांगितलं की परवानगी कशी द्यायची याचे नियम राज्यानं केलेलेच नाहीत. तरी अर्ज त्यानं ठेवून घेतला आणि 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढे पाठवला.

थोडा पाऊस झाला. परवानगीशिवाय हेम्पचा एक दाणाही पेरू नका, असं मी बजावलं. सत्यभामाबाईंनी ऐकलं आणि त्याच गटात अंबाडी पेरली. वाख तिचाही निघतो.

योग्य ती कार्यवाही शेवटी केली ती पोलिसांनीच.

रानात पोचले तर नवे फौजदार माझ्याच अर्जाची झेरॉक्स धरून उभे. कोकणातून बदलून आलेले.

"मॅडम, अर्जात हेम्प, गट नंबर हाच, पानही तसंच बोटाबोटांचं. मी काय समजू?"

सत्यभामाबाईंनी एक पान तोडून तोंडात टाकलं, दुसरं त्यांच्यापुढे धरलं.

"खाऊन बघा साहेब. आंबट हाय."

त्यांनी चावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. शेजारचे हवालदार इथलेच. त्यांना मी विचारलं, तुम्हालाही ओळखू आलं नाही?

"आलं की. काल घरी हीच भाजी हुती. पण साहेबांनी विचारलं न्हाई."

पंचनामा मात्र सुरू झाला होता आणि सुरू झालेला पंचनामा मागे घेता येत नाही म्हणे. नमुना लॅबला गेला. अहवाल येईपर्यंत काढणी बंद. अंबाडी फुलावर असतानाच कापावी लागते, नंतर वाख राठ होतो. मी दर आठवड्याला ठाण्यात जाऊन हे सांगत होते. ऐकून घेत होते सगळे.

अहवाल आला तोवर झाडांच्या काठ्या झाल्या होत्या. अहवालात लिहिलं होतं, गांजा नाही. बायकांनी सगळं पीक जळणाला नेलं.

मी माफी मागायला गेले. सत्यभामाबाईंनी चहा ठेवला, म्हणाल्या, "तुमची चूक न्हाई. आपुन इचारून करायला गेलो ना, त्यानं झालं."

मला ते मान्य करवत नाही, आणि खोडताही येत नाही. आता कलमात 'परवानगी देता येईल' असं दिसलं, की ती देणारं टेबल कोणतं हे आधी शोधते. ते सापडल्याशिवाय अर्ज लिहीत नाही.