टर्बोच्या नळीला बांधलेली साडी

गाडीची नळी फुटली तेव्हा माझ्या मनात देवीचे नाव नव्हते. गॅरेजवाल्याला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा होता. स्वतःच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी पत्नीने बोललेला नवस फेडण्यासाठी आम्ही दोघे सुरतेहून सप्तशृंगीच्या गडाला निघालो होतो. आमच्या जुन्या गाडीचे अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन मी पुरते ओळखून आहे. थंडीत त्याचे ग्लो प्लग दगा देतात, इंजेक्टर गळू लागतात, आणि टर्बोने दाबलेली हवा इंजिनाकडे नेणारी रबरी नळी वयोमानाने चिरते. ती बदलावी, असे मी गॅरेजवाल्याला लेखी कळवले होते. "काका, हजी चालशे," अजून चालेल, म्हणून त्याने मला वाटेला लावले होते.

सापुताऱ्याच्या घाटात फटकन आवाज झाला, मागे काळा धूर उसळला आणि चढावर गाडीचा जोरच सरला. भर ऊन, मोबाइलला रेंज नाही, आणि पत्नीला धाप लागलेली. दोष कुठे आहे ते मला तत्काळ कळले. चीर बांधायला मात्र हाताशी काहीच नव्हते. मी रस्त्यावर उभा राहून नुसता संतापत होतो.

तेवढ्यात सुरतेतल्या नवागामहून गडाकडे पायी निघालेल्या खानदेशी बायकांचा जथा आला. त्यांतली एक वयस्क बाई पत्नीला बहीण म्हणत पदराने वारा घालू लागली. तिची नजर मागच्या सीटवरील नव्या साडीवर गेली.

"दाजी, हाई बांधा ना!"

"ती देवीला बोललेली आहे!" मी गरजलो. "अर्पिलेल्या वस्तूवर आपला अधिकार उरत नाही."

"अहो, नवस मी बोलले," पत्नी धापा टाकत म्हणाली. "तुम्हाला वकीलपत्र कुणी दिलं?"

बायका खळखळून हसल्या. "आईना दारे साड्यासना ढीग लागेल शे, दाजी," ती बाई म्हणाली. "तिनी लेक आठे घामाघूम व्हयनी, ते तिले दखास नही का?"

मी मागच्या सीटवरून साडी उचलली. इंजिन निवल्यावर साडीच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनाचा वेढा मी चिरेवर दिला. वरून बांधायला पट्ट्या हव्या होत्या. पण सुरतेचे कापड, फाटता फाटेना. अखेर त्या बाईने काठ दातांत धरून ते फाडले, आणि पट्ट्या मी वरून आवळून बांधल्या. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून, दुसऱ्या गियरमध्ये, गाडी घाट चढली. वर वारा लागताच पत्नीचा श्वास शांत झाला. पायी चालणाऱ्या त्या बायका मागे राहिल्या. त्या बाईचे नाव विचारायचेही राहून गेले.

गडावर पत्नीने खण-नारळाने ओटी भरली. साडीबद्दल तिने देवीची क्षमा मागितली नाही. ती नुसती हसत होती.

सुरतेला परतल्यावर नोटीस मी पाठवलीच. त्यात तडजोड नाही. मसुदा करताना नुकसानीत साडी लिहायला लेखणी टेकवली, आणि थांबलो. देवीने जी वाटेतच स्वीकारली, ती गमावली असे कोणत्या तोंडाने म्हणू? आयुष्यभर मी एकही हक्क सोडला नाही. हा सोडताना मात्र छाती हलकी झाली, आणि हात आपोआप जोडले गेले.