आग्नेय कोपऱ्यातले न्यायाधीश

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

नाशिकला गंगापूर रोडवर नवा बंगला बांधलेले एक वकील आमच्या पोलीस ठाण्यात आले. अमेरिकेतल्या मुलाने त्यांना चांदीचं स्मारक नाणं पाठवलं होतं. तिथल्या सुरुवातीच्या काळातल्या एका थोर न्यायाधीशांचा चेहरा त्यावर कोरलेला. ते पाहिल्याशिवाय वकिलांच्या घरी पाहुण्याला चहा मिळत नसे म्हणे. नाणं गायब झालं होतं आणि चोर त्यांनी घरूनच ठरवून आणला होता. धुणीभांडी करणाऱ्या बाई!

"पुरावा?" मी विचारलं.

"अहो, घरात दुसरं येतं कोण? दोन दणके द्या, कबूल होईल."

वकिलाने हे बोलावं! न्यायाधीशांचं नाणं मिरवायचं आणि निकाल मात्र शहानिशा न करता. पण फिर्याद आली, ती नोंदवणं भागच होतं.

तोवर कॉलनीभर बभ्रा होऊन बाईंची बाकीच्या घरची कामंही सुटली होती. महिला अंमलदारासमोर जबाबाला बसवलं, तर त्यांचं एकच, "मी नाय घेतलं, साहेब." आमचे हवालदारही "कुठं ठेवलंस?" यापुढे सरकेनात. शेवटी वैतागून मी हवालदारांना बाहेर काढलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही ते नाणं शेवटचं कधी पाहिलंत?"

"वास्तुशांतीला. पूजेच्या पाटावर व्हतं की."

"मग आधी का नाही बोललात?"

"कोणी इचारलं का? समदे 'कुठं लपवलं' एवढंच इचारतात."

मी कपाळावर हात मारला. पूजा सांगणाऱ्या गुरुजींना पंचवटीतून बोलावून घेतलं. ते हसायलाच लागले. "वास्तुपुरुष पुरताना खड्ड्यात घालायला मी चांदीचं नाणं मागितलं. यजमानांच्या कानाला मोबाईल. पाटावरचं हाताला लागलं ते दिलं. मी म्हटलं, हे परदेशी दिसतंय. तर म्हणाले, 'चांदी आहे ना? मग पुरा!'"

म्हणजे न्यायाधीश महाशय स्वयंपाकघरात, आग्नेय कोपऱ्यात, फरशीखाली!

आता वकिलांची भाषा बदलली. "वास्तुपुरुष उकरायचा? छे छे, घराला बाधेल. मी फिर्याद मागे घेतो, मिटवून टाका."

दाराशी उभ्या असलेल्या बाई पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या, "तुमचं मिटलं. माझं कसं मिटंल? फोडा फरशी. लोकांना दिसू द्या."

ज्यांनी बाईंना कामावरून काढलं होतं, त्यातल्याच दोन शेजाऱ्यांना मी पंच म्हणून उभं केलं. गुरुजींनी वास्तुपुरुषाची क्षमा मागितली, गवंड्याने फरशी उचलली. नाणं मातीने माखून वर आलं. वकिलांनी आधी त्यावर ओरखडा पडलाय का ते पाहिलं. मग मला म्हणाले, "सॉरी साहेब, गैरसमज झाला."

"मला काय सांगता? त्यांना सांगा!" मी खेकसलो. ते काहीतरी पुटपुटले.

संशयिताला आधी साक्षीदार समजून विचारावं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे ठाण्यात नव्या आलेल्या प्रत्येकाला तेच सांगत राहिलो. निम्म्यांनी ऐकलं नाही ते सोडा.

पंचनाम्यावर सह्या झाल्या तेव्हा बाई पुढे आल्या. "साहेब, एकदा हातात द्या की. चोरलं म्हनले, पन मी अजून हात लावून बघितलं नाय."

मी दिलं. त्यांनी ते पदराने पुसलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं.

"ह्याच्यासाठी व्हय?" एवढंच म्हणाल्या.