गुणाआत्यानं तुसातून आणलेली अंडी

माझी आत्या, गुणाबाई, भिवंडीजवळच्या आमच्या कोन गावची सुईण. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली, त्यामुळे तिला उलटून बोलायची कुणाची छाती नव्हती.

पंचाहत्तर साली माझी ताई मैना सोळा वर्षांची झाली तरी तिला न्हाण आलं नव्हतं. मानकोलीच्या अनंताशी तिचं ठरलेलं होतं, आणि त्याचं नाव निघालं की ताई पदराचं टोक चावत बसायची. होळीनंतर त्याची आई हौसाबाई आली. "पोर गुणाची हाय. पण दिवाळीपर्यंत न्हाण आलं न्हाय, तर आमी दुसरीकडं बघू." मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही. आई चुलीपुढं बसून रडायला लागली.

आत्या आली आणि तिनं एकच विचारलं, "काशी, पोरीला खायला काय घालतेस?"

आईनं अभिमानानं सांगितलं, दहाव्या वर्षापासून अंडं, सुकट, गूळ सगळं बंद. उष्ण खाल्लं की मुलगी लवकर न्हाती होते, असं आमच्याकडं सगळ्याच बाया मानत. पुरुष उठले की ताईला उरलेली पेज आणि मीठ.

"सहा वर्सं तूच अडवलंस, आन् आता तूच रडतेस? भिवंडीत त्या कोंबड्यावाल्या हमिदाबीची पोर जोहरा बाराव्या वर्साला न्हाती झाली. तिच्या ताटात काय असतंय ते मी बघते ना."

त्याच महिन्यात हमिदाबीच्या सुनेला आत्यानं बाळंतपणातून सोडवलं. हमिदाबी साडी देऊ लागली तर आत्या म्हणाली, साडी नको, कोंबड्यांची अंडी दे. "ले जा गुणाबाई, लडकी को खिला," हमिदाबी म्हणाली.

मग दर तिसऱ्या दिवशी आत्या भाताच्या तुसात अंडी घालून आणायची आणि ताईला बाबांच्या शेजारी पहिल्या पंगतीला बसवायची. बाबा खाकरले की म्हणायची, "दादा, गप जेव." श्रावणात अंडं बंद, तर तिळाचे लाडू आणले. मी दहा वर्षांची, टक लावून बघायची. हात पुढं केला की आई म्हणायची, "तुला नको, उष्ण पडतं." आईचं आपलं तेच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ताईला न्हाण आलं.

"अंड्यानंच आलं ना गं?" आईनं विचारलं.

"काय ठावं. आपसूक बी आलं असतं. पण पोरीच्या हाडावर मांस चढलं, ते तर खोटं न्हाय."

पाचव्या दिवशी हौसाबाई हिरवी साडी घेऊन आली. ताई लाजून पार गोरीमोरी झाली होती. आईनं तिला वाढलं, मग माझ्या ताटाशी येऊन थांबली. हातात एक उकडलेलं अंडं होतं. तिनं ते माझ्या भातावर ठेवलं आणि म्हणाली, "खा."

मी आत्याकडं बघितलं. ती तोंड फिरवून डोळे पुसत होती.