वैशालीच्या भाडेपावतीवरची सही

चहा घ्या आधी, पण गोष्टीच्या मधात हसू नका. कारण ही गोष्ट झाली तेव्हा मले काही हसू आलं नव्हतं. एका पोरीची नोकरी मी घरी बसल्या बसल्या, नुसत्या फोनवर घालवायले निघाली होती!

चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं घर कारध्याले. वरचा मजला बँकेचं कर्ज काढून बांधला. आमचे हे म्हणाले, "कर्ज अन् घर, दोन्ही तुझ्याच नावावर करू." मले वाटलं, किती प्रेम आहे बाप्पा! मागून समजलं, बाईच्या नावावर व्याज जरासं कमी लागते.

वर वैशाली राहायले आली. आंबागडकडची, धानाची शेती असलेल्या घरची. नदीवरचा पूल ओलांडला की भंडाऱ्यात तिचं सरकारी ऑफिस. नवीनच इंजिनियर लागली होती, नोकरी पक्की व्हायची होती अजून. तिचे बाबा दिवाळीनंतर नव्या तांदळाचं पोतं आणून द्यायचे अन् ती संध्याकाळी माझ्याच ओट्यापाशी जेवायची. आता अशा पोरीले भाडेकरू कोण म्हणते जी? मी सगळ्यायले "भाची आहे माझी" म्हणूनच सांगायची. भाडं तेवढं महिन्याच्या महिन्याले घ्यायची!

फेब्रुवारीत ती पावत्या घेऊन आली. "काकू, भाड्याच्या पावत्यायवर सह्या करून द्या ना. घरभाडे भत्त्यावरचा टॅक्स वाचते माझा."

मी पोळ्या लाटून राहिली होती. हात पुसला, सह्या ठोकल्या, खाली फोन नंबरही लिहून दिला.

चार दिवसांनं शेजारची मंदा आली. तिले हे सांगितलं, तर ती कपाळाले हात लावून बसली.

"काहून वो, सही करून दिली? अवं, तिचा टॅक्स वाचला, मग तो जाईन कुठं? तुझ्यावर बसन! सरकार आता घरमालकायच्याच मागं लागलं आहे. फोन करून विचारतेत म्हणे!"

मंदाले हे ज्ञान कुठून आलं, विचारू नका. तिच्या घरी भाडेकरूच नाही! पण मले ते पटलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. अन् तिसऱ्या दिवशी खरंच फोन आला.

बाईचा आवाज, एकदम कडक. कुठून बोलते ते तिनं सांगितलं असन. माझं लक्ष होतं कुठं? "भाड्याची पडताळणी" म्हटल्याबरोबर माझे कान बंद अन् तोंड सुरू!

"वैशाली तुमच्याकडे भाड्याने राहतात ना?"

"भाडं? छे जी! भाची आहे माझी. भाचीकडून कोणी भाडं घेते का?"

"मग या पावत्यांवर सही कोणाची आहे?"

इथं तरी थांबावं ना माणसानं?

"माझी नाही जी! मी कशावर सहीच करत नाही."

"नक्की?"

"देवाशपथ!"

फोन ठेवला अन् स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा मांडला. सरकारले गंडवलं होतं ना मी!

संध्याकाळी वैशाली दारात उभी. चप्पलही काढली नाही. हातात एक कागद.

"काकू, आज फोन आला होता का तुमाले?"

"तो... टॅक्सवाल्यायचा होता ना?"

"आमच्या ऑफिसातल्या मॅडमचा होता. खोट्या पावत्या जोडल्या म्हणून खुलासा मागितला आहे माझ्याकडून." तिनं तो कागद माझ्यापुढं धरला. "खोटी सही केल्याचा ठपका लागला तर नोकरी पक्की होत नाही, काकू."

रडली असती, भांडली असती, तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबाले नका सांगजा," अन् वर निघून गेली. त्या दिवशी जेवायले खाली आली नाही. तिचं ताट मी झाकून ठेवलं, ते तसंच राहिलं.

नवऱ्याले सांगितलं, तर हे म्हणाले, "तोंडानं बिघडवलं ना? मग तोंडानंच सुधारून ये."

दुसऱ्या दिवशी मी वैशालीसोबत तिच्या ऑफिसात. मॅडमच्या टेबलासमोर शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिली.

"सही माझीच आहे जी. भाडं घेते मी. खोटं मी बोलली, इनं नाही."

"काल तर देवाची शपथ घेतली होती तुम्ही."

"घेतली जी."

"लेखी द्या. कारणासकट."

"टॅक्सच्या भेवानं, असं लिहू?"

मॅडमनं पेन खाली ठेवला. "दुसरं उत्पन्न काय तुमचं?"

"थोडीशी शिलाई करते. बाकी काही नाही."

"घरावर कर्ज?"

"आहे ना. माझ्याच नावावर."

मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, भाड्यातले तीस टक्के सरकार असेच सोडून देते. मग कर्जाचं व्याज वजा. जे उरेल ते मर्यादेच्या कितीतरी खाली. तुम्हाला टॅक्स लागतच नाही. एक रुपयासुद्धा नाही."

वैशाली बाजूले उभी होती, खाली फरशीकडं पाहत. मले वाटलं, टॅक्स लागला असता तर बरं झालं असतं बाप्पा. निदान कशासाठी तरी खोटं बोलली असती मी!

कबुलीपत्र लिहून दिलं. वैशालीचा खुलासा मान्य झाला. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी येऊन एक घास घेतला अन् म्हणाली, "काकू, भाजीत मीठ नाही." माझ्या स्वयंपाकाले नाव ठेवलेलं मले इतकं गोड कधीच लागलं नव्हतं!

पुढं तिची नोकरी पक्की झाली, गोंदियाले बदलीही झाली. पण माझं कबुलीपत्र लागलं तिच्या सर्व्हिसच्या फाइलीत, शिक्क्यासकट. फाइल तिच्या मागं मागं फिरते. परवा तिचा फोन आला.

"काकू, नवीन साहेबांनं फाइल वाचली."

"रागावले का वो?"

"नाही जी. म्हणाले, टॅक्स बुडवणारे पुष्कळ पाहिले, पण जो लागतच नाही तो बुडवणारी बाई पहिल्यांदाच पाहून राहिलो!"