यंत्राला गुंडाळलेलं पातळ

माझं पोट धुळीवर भरतं, असं मी सांगितलं की लोकांना वाटतं बाई वैतागून बोलतेय. पण खरंच तसं आहे. दोह्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हवेतले बारीक कण मोजते. नाण्याहून थोडी मोठी, पांढरीशुभ्र फिल्टरची चकती आधी तोलून घ्यायची आणि गच्चीवरच्या सॅम्पलरमध्ये बसवायची. ते यंत्र चोवीस तास ठरावीक वेगाने हवा ओढतं आणि हवेतली धूळ चकतीवर जमते. मग पुन्हा वजन. दोन वजनांतला फरक इतका सूक्ष्म असतो, की तराजूजवळ कुणी शिंकलं तर मी त्याच्याकडे खाऊ की गिळू अशी बघते. नंतर त्या धुळीत वाळवंटाची माती किती, बांधकामाचं सिमेंट किती, गाड्यांची काजळी किती, ते शोधायचं. इथे खोकला झाला की सगळे वाळवंटाला नावं ठेवतात. त्यातला आपला वाटा किती, हे मला एकदा कागदावर बघायचं होतं.

वस्तीतली हवा मोजायची म्हणून एक सॅम्पलर अल हिलालमध्ये, आमच्याच इमारतीच्या गच्चीवर बसवला होता. चकती दर सहाव्या दिवशी लावायची हा नियम, आणि आमचे जॉर्डनचे साहेब नियमाचे पक्के. "आपण सोयीचे दिवस निवडायला लागलो की आकडे खोटं बोलायला लागतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते पटायचं आणि रागही यायचा, कारण शमालचं, म्हणजे वायव्येकडून येणाऱ्या धुळीच्या वाऱ्याचं, मोठं वादळ दोन उन्हाळे नेमकं मधल्या पाच दिवसांत येऊन जात होतं. मी हात चोळत बसायची. आता तर सॅम्पलर लुसैलला हलवायचं ठरलं होतं. आमच्या गच्चीवरची शेवटची एक फेरी उरली होती, आणि नेमका त्याच दिवशी वादळाचा अंदाज आला. मला आदल्या रात्री धड झोप लागली नाही.

आई त्या वेळी नाशिकहून आमच्याकडे आली होती. इथलं ऊन बघून तिचा जीव हळहळला. "एवढं कडक ऊन नुसतं वाया घालवता गं तुम्ही!" असं म्हणून तिने चार दिवसांत गच्चीचा ताबा घेतला. सॅम्पलरपासून थोड्या अंतरावर प्लॅस्टिकचा धुतलेला कागद अंथरून तिचे साबुदाण्याचे पापड सुरू झाले. यंत्राला हात लावायचा नाही, असं मी तिला बजावलं होतं. ते काय करतं असं तिने विचारलं तेव्हा घाईत "हवा तपासतं" एवढंच सांगून मोकळी झाले होते. उपड्या पातेल्यासारखं डोकं असलेलं ते यंत्र म्हणजे माझं फार लाडकं आणि नाजूक काहीतरी आहे, एवढं तिने ओळखलं.

त्या दिवशी आठ वाजता चकती बसवून मी कामावर गेले. दुपारच्या आत खिडकीबाहेर सगळं पिवळं झालं. समोरची इमारत दिसेनाशी झाली. लोक गाड्यांच्या काचांची काळजी करत होते आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत गिरक्या घेत होते. आईला फोन लावला.

"तू अजिबात घोर करू नकोस," ती म्हणाली. "मी पळत वर गेले. तुझं यंत्र नीट झाकून, बांधून आलेय. कण शिरायचा नाही आत."

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, पण शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. गाडी काढली, पुढचं दिसत नसल्यामुळे बैलगाडीच्या वेगाने घरी आले आणि तणतणत गच्चीवर गेले.

यंत्राला आईचं मऊ सुती पातळ तीन वेढे देऊन गुंडाळलेलं होतं. वरून कपडे वाळत घालायच्या दोरीची गाठ, तीही पक्की. आणि थोड्या अंतरावर तिचे पापड उघडेच होते. ओल्या पापडांवर धूळ बसून ते मातकट झाले होते. आई माझ्या मागोमाग जिना चढून आली.

"एकच पातळ होतं हाताशी," ती म्हणाली.

माझा राग तिथल्या तिथे विरला. मला रडूच आलं. तिच्या गळ्यात पडून मी म्हटलं, "आई, अगं ते धूळ मोजायचं यंत्र आहे."

तिने गुंडाळलेल्या यंत्राकडे पाहिलं. "म्हणजे धूळ आत जायला हवी होती?"

"हो."

"मग आधी सांगायचंस की गं! मला वाटलं तुझ्या यंत्राला सोसत नाही." आणि ती जी हसत सुटली, की मलाही हसू आवरेना. तोंडात धूळ जात होती आणि आम्ही दोघी हसत होतो.

त्या चकतीचं काही होण्यासारखं नव्हतं. नोंदवहीत मी 'बाद' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात खरं ते लिहिलं: 'यंत्र झाकले गेले. झाकणारी व्यक्ती: माझी आई.' वारा पडल्यावर आई पापड उचलायला लागली. प्रत्येक पापडाखाली प्लॅस्टिकवर एक स्वच्छ गोल निघत होता, बाकी सगळीकडे धूळ. "बघ, खाली कसं लख्ख राहिलंय," ती सहज म्हणाली. मी तो कागद अलगद दुमडला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर उघडला. हवेतल्या बारीक कणांचं वजन यावरून निघणार नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं. पण धूळ बसलेला भाग आणि त्याच्याशी ताडून बघायला धूळ न बसलेला भाग, दोन्ही एकाच कागदावर होते. साहेबांनी आधी नोंदवहीतलं कारण वाचलं, मग ते गोल मोजले, मग चष्मा काढून डोळे पुसत हसत राहिले. "माझ्या आईनेही हेच केलं असतं," ते म्हणाले. "यल्ला, सॅम्पलर अजून एक फेरी तिथेच राहू दे. ती शेवटची. त्यानंतर खलास."

सहावा दिवस शनिवारचा, सुट्टीचा. आठ वाजता चकती बसवली तेव्हा आभाळ घासून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. माझं तोंड उतरलं. आईने मात्र जेवण उरकून सावलीच्या कडेला खुर्ची टाकली.

"आजी, इट्स टू हॉट! कम डाऊन!" माझी मुलगी जिन्यातून ओरडली.

"येते गं, येते. जरा वाट बघू दे," आजीने मराठीतच उत्तर दिलं. मग मला म्हणाली, "येईल बघ. अजून सगळी दुपार पडलीय."

तीनच्या सुमाराला वायव्येकडची कड पिवळी पडली. आधी वाळत घातलेल्या कपड्यांची फडफड सुरू झाली, मग दातांखाली कचकच. आई खुर्चीतून ताडकन उठली.

"आली गं, आली!"

जन्मभर हातात फडकं घेऊन धुळीच्या मागे लागलेली माझी आई माझ्यासाठी उन्हात उभी राहून धुळीला ये, ये म्हणत होती. वाऱ्याने तिचा पदर डोक्यावरून उडाला. तिने तो सावरलासुद्धा नाही. यंत्रापासून चांगली दहा पावलं लांब, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ती उभी होती, न जाणो, चुकून पुन्हा काही झाकलं जायचं म्हणून.