खालच्या मजल्यावरच्या बचावपटूचा पासपोर्ट
२००५ च्या जानेवारीत इथे आखातात, फिंतासला, आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नायजेरियन फुटबॉलपटूवर अन्याय झाला, आणि आमच्या घराने तो चहा पीत पाहिला. परवा जिममध्ये दुखऱ्या स्नायूंवर मारायच्या स्प्रेचा उग्र वास आला आणि सगळं आठवलं, कारण त्याच्या दारातून कायम तोच वास यायचा. तो इथल्या एका क्लबचा बचावपटू. तुर्कस्तानातल्या मोठ्या क्लबने त्याला चाचणीला बोलावलं होतं, पण त्याचा पासपोर्ट इथल्या मॅनेजरने कपाटात कुलूपबंद ठेवलेला, आणि तो देईना. बाबांना अरबी येतं म्हणून तो वर आला. "सर, एक फोन करा. परवाचं विमान आहे." बाबा हसले. "अरे, माझाही पासपोर्ट कंपनीकडेच असतो. सेफ राहतो!" आई म्हणाली, "अहो, करा ना एक फोन." बाबा मराठीत पुटपुटले, "व्हिसा ज्याच्या हातात, त्या कफीलशी वाकडं कशाला घ्यायचं?" त्याला मराठी कळलं नाही, नकार कळला. "सर, उद्या तुमची आई आजारी पडली, तर कुणाची परवानगी काढून जाणार?" बाबांनी फोन केलाच नाही. विमान गेलं. तो इथेच खेळत राहिला, गुडघा निकामी होईपर्यंत. तसं बोलावणं पुन्हा आलं नाही. बाबांसारखी समजूतदार माणसं अजून प्रत्येक बिल्डिंगीत आहेत. तुमचा पासपोर्ट आत्ता कुणाच्या कपाटात आहे? उद्या ऑफिस उघडलं की जा, आणि तो मागून घ्या.